दहावीची बॅच परत गोळा करायची आहे? मग हॉल राहू दे, आधी हजेरीपट काढा

दर मे महिन्यात आणि गणपतीत मला कोणाचा ना कोणाचा फोन येतो, "अगं तुमच्या बॅचचं ते गेट-टुगेदर झालेलं ना, आम्हाला पण करायचंय, सुरुवात कुठून करू?" दरवेळी तेच तेच तासभर सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझं माहेर देवगड तालुक्यातलं, सासर कुडाळकडे, आणि आमची बॅच मार्च 1998ची. त्याच वर्षी 26 जानेवारीला कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर सुरू झाली आणि निकाल लागल्यावर आमच्या वर्गातली अर्धी पोरं त्याच रेल्वेत बसून मुंबईला गेली ती गेलीच. 2023ला 25 वर्षं झाली तेव्हा मेळावा केला. चुका भरपूर केल्या, त्यातल्या निदान अर्ध्या तरी तुमच्या वाचाव्यात.

पहिलं काम: वही घ्या

बहुतेक ठिकाणी होतं काय, मुंबईतले चारपाच जण एखाद्याच्या लग्नात भेटतात, जेवणाच्या पंगतीतच तारीख ठरते, रिसॉर्ट ठरतं, टी-शर्टाचा रंगसुद्धा ठरतो आणि मग ग्रुपवर मेसेज पडतो, "सर्वांनी यावे". सर्वांनी म्हणजे कोणी? आमच्या ग्रुपवर तेव्हा होते 22 जण आणि वर्गात होतो आम्ही 58. उरलेले 36 कुठे आहेत हे कोणाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणी विचारलंही नव्हतं. म्हणून आधी हॉल नको, बॅनर नको, टी-शर्ट तर नकोच नको. दुकानातून एक लांब वही आणा आणि हजेरी लिहायला बसा.

हजेरी लोकांच्या डोक्यात असते हो, गंमत म्हणजे नावं वेगळी विचारली तर आठवत नाहीत पण रोल नंबरच्या चालीवर आपोआप येतात. मला आजही 31 ते 40 झोपेत विचारा. दोन्ही तुकड्यांतले तीन तीन जण एकत्र बसवा, एकाने मोठ्याने म्हणायचं, बाकीच्यांनी चुका काढायच्या. तासाभरात 50 नावं होतात. सेंड-ऑफचा ग्रुप फोटो कोणाच्या तरी घरी कपाटावर असतोच, तो मोबाईलवर काढून घ्या आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव लिहा. उरलेली पाचसात नावं शाळेतून मिळतात. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या की अमुक सालच्या बॅचची नावं जनरल रजिस्टरवरून पडताळून हवी आहेत. फक्त नावंच मागा. पत्ते, जन्मतारखा, जात असलं सगळं त्या रजिस्टरात असतं आणि ते शाळेने कोणालाही दाखवू नये, आपणही मागू नये. आमच्यातल्या एकाने बोर्डातून यादी काढू या असं डोकं लढवलं होतं, तो चालला होता रत्नागिरीला. आमची मार्कशीट कोल्हापूर बोर्डाची, रत्नागिरीच्या कोकण बोर्डाची पहिली परीक्षाच मुळात 2012ची. एवढ्या लांब जायची काही गरज नसते, शाळेचा जुना क्लार्क बोर्डापेक्षा जास्त सांगतो.

आता यादीत कोणाला धरायचं यावरून वाद होतात. आमच्यात पण झाला. "दहावी पास झालेलेच ना?" असं एकाने विचारलं तेव्हा मला खरंच राग आला. ऑक्टोबरच्या वाऱ्या करणारे, मार्चलाच थांबलेले, नववीतून शाळा सुटलेले, आठवीत बापाची बदली झाली म्हणून गेलेले, सगळे यादीत. जो आपल्याबरोबर एक वर्ष तरी बाकावर बसला तो आपला. आणि हा निर्णय आधीच तोंडाने सांगून टाका, कारण नापास झालेला माणूस 25 वर्षांनी पण मनातल्या मनात हेच विचारत असतो की मला धरलंय का.

शोधाशोध: वाडीवार करा

फेसबुकवर नाव टाकून शोधायला जाल तर दमाल. आमच्या वर्गात संतोषच तीन, आणि सावंत, परब, राणे, कदम ही आडनावं टाकली की हजारो लोक येतात. त्यापेक्षा वहीतल्या नावांसमोर वाडी लिहा आणि प्रत्येक वाडीतला एक माणूस पकडा, त्याने आपल्या वाडीतले सगळे शोधायचे. गावात कोण कुठे गेलं हे इंटरनेटला माहीत नसतं, ते पिठाच्या गिरणीवर, पोस्टमनला, आशाताईला आणि तिठ्यावरच्या चहावाल्याला माहीत असतं.

मुंबईतल्यांसाठी तुमच्या गावचं जे ग्रामस्थ मंडळ मुंबईत असेल ते गाठा. जुन्या मंडळांकडे सभासदांची यादी असते, वर्गणीची वही असते आणि एखादे तात्या असतात ज्यांना डोंबिवलीपासून विरारपर्यंत कोणाची खोली कुठे हे पाठ असतं. आम्हाला नऊ जण एका तात्यांनी एका बसल्या जागी दिले.

मुलींचं मात्र खरं अवघड. लग्न झालं की आडनाव गेलं, काहींचं पाळण्यातलं नावही गेलं, गाव बदललं. म्हणूनच बहुतेक मेळाव्यांच्या फोटोत 30 बापये आणि पाच बायका दिसतात आणि वर म्हणतात "मुलींनी इंटरेस्टच घेतला नाही". घेतील कसा, त्यांच्यापर्यंत पोचलात कुठे? यावर माझा उपाय असा: मुलींना शोधायचं काम मुलींनीच करायचं. एखाद्या बापयाने तिच्या माहेरी फोन करून "तिचा नंबर द्या" म्हटलं की भाऊ आधी आवाजच बदलतो. आपण फोन करायचा आणि नंबर मागायचा नाही, आपला द्यायचा. "काकी, मी अमक्या वाडीतली, शाळेत तुमच्या ताईच्या बाकावर बसायचे. आमच्या वर्गाचं जमायचं चाललंय. माझा नंबर लिहून घेता? तिला सवडीने करू दे फोन." बस्स. दहातल्या सातआठ जणींचा फोन त्याच आठवड्यात येतो, आणि पहिलं वाक्य बहुतेक "अगो, तू जिती आसंस?" असतं.

एक किस्सा सांगते. आमच्या वर्गातली एक मैत्रीण बाजारात मासे घेऊन बसते. ग्रुपवर तिला कोणी घेतलंच नव्हतं, नंबर नाही म्हणून, असं म्हणतात. मी बाजारात गेले, तिच्यासमोर बसले, बांगड्यांचा वाटा घेतला आणि विषय काढला तर म्हणाली, "माका काय बोलूक येतला तुमच्यात?" मी म्हटलं बोलू नको, ही यादी तेवढी बघ. मी वही पुढे धरली तशी तिने हात फडक्याला पुसला आणि एकेका नावावर बोट ठेवत गेली, ही मिठबावला दिली, ही तळेबाजारला असते, दर बुधवारी येते सुंगटं (कोळंबी) न्यायला, हिचा घोव वारला, ही आता मुलाकडे पुण्यात. जिथे आम्ही दोन महिने फेसबुकवर डोकं फोडत होतो तिथे तिने दहा मिनिटांत सहा जणी काढून दिल्या, कारण आसपासच्या गावांत दिलेल्या पोरी मासे घ्यायला येतात त्याच बाजारात. तेव्हा तुमच्याही गावात असं कोणीतरी असणार, कंडक्टर, पोस्टमन, कासार, त्याला आधी भेटा.

आणि एक काळजी घ्या, ही मी स्वतः भोगलेली. एका मुलाच्या घरचा जुना लँडलाईन नंबर सापडला म्हणून मी हौसेने फोन लावला, त्याच्या आईने उचलला, मी हसत हसत म्हटलं, आये, तो आहे का, आम्ही शाळेतले. पलीकडे जरा वेळ काहीच नाही आणि मग, "बाय, तो जावन सात वर्सां झाली गो." काय बोलायचं असतं अशावेळी? मी पुढे दहा मिनिटं फोन धरून होते, तीच बोलत राहिली, शाळेतल्याच गोष्टी. म्हणून घरी फोन लावायच्या आधी वाडीतल्या माणसाला विचारून घ्या, सगळं ठीक आहे ना. आणि नसेल तर फोन नका करू, जाऊन या.

ग्रुप

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लागतोच, पण दोन करा. एक फक्त निरोपाचा, ज्यात सेटिंगमधून फक्त अ‍ॅडमिननेच मेसेज टाकायचा, तारीख, पैसे, पत्ता एवढंच. दुसरा गप्पांचा, ज्याला हवं तो येईल. एकच ठेवलात तर "स्टेशनवर गाडी किती वाजता येणार" हा मेसेज गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो आणि कोणीतरी नांदगाव रोड स्टेशनला उतरून बसतं आणि न्यायला पाठवलेली गाडी गेलेली असते कणकवलीला, हे झालंय.

कोणालाही न विचारता थेट अ‍ॅड करू नका, आधी फोन, मग लिंक. ग्रुपमध्ये गेलं की नंबर सगळ्यांना दिसतो, आणि रात्री अकराला "काय करतेस" असे पर्सनल मेसेज टाकणारा एक तरी नग प्रत्येक बॅचमध्ये निघतो. आमच्यात पण निघाला, दोघींनी मला सांगितलं, मी त्याला फोन करून स्वच्छ सांगितलं, सुधारला. अ‍ॅडमिनमध्ये एक तरी बाई हवी ती यासाठीच, कारण हे असलं बापया अ‍ॅडमिनला कोणी सांगत नाही. राजकारण बंद, धर्माचे फॉरवर्ड बंद, हे पहिल्याच दिवशी लिहा, नंतर लिहिलंत की कोणालातरी ते आपल्यालाच उद्देशून वाटतं.

तारीख, इथे घाई केलीत तर मेलात

कोकणात तारीख ठरवणं म्हणजे कॅलेंडर बघणं नव्हे. आमच्या मुंबईकरांनी पहिली तारीख काढली एप्रिलचा शेवटचा रविवार, पोरांना सुट्टी, हवा बरी, आंबे खायला मिळतील. गावातल्या एकाचा व्हॉइस मेसेज आला, "आंब्याच्या तोंडार मेळावो? खुळावलास काय?" बरोबरच होतं त्याचं. देवगडात एप्रिल-मे म्हणजे माणूस पहाटेपासून कलमांवर, दुपारी पेट्या भरणं, रात्री गाडी लावणं. तुम्हाला आंबे खायचेत, त्याला वर्षाचे पैसे करायचेत. ज्यांच्या गावात मेळावा त्यांनाच यायला जमणार नाही अशी तारीख.

मग कधी? एकेक बघू. गणपतीत सगळे गावात असतात खरे, पण कोणीच मोकळा नसतो, पाहुणे, भजनं, आरत्या, गौरी, आणि विसर्जन झालं की परतीच्या गाडीची धावपळ. गणपतीत मेळावा नको, पण गणपतीत यादी करा! घरोघर गणपती बघायला जातोच ना, तेव्हा वही काखेत ठेवा, मुंबईहून आलेला प्रत्येक जण स्वतःच्या घरी हमखास सापडायचे ते चारपाच दिवस. शिमग्याचंही तसंच, पालखी घरी यायच्या दिवशी कोणी हलत नाही. दिवाळीच्या आगेमागे भातकापणी आणि झोडणी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पर्यटकांची एवढी गर्दी की खोली मिळत नाही आणि मिळाली तर दर बघून घाम फुटतो. होडीवर जाणाऱ्यांना रविवार-बिविवार नसतो, त्यांना मोकळीक म्हणजे 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी, आणि तेव्हा तर धो धो पाऊस.

आम्ही शेवटी मे महिन्याच्या चौथ्या रविवारी केलं, आंबा संपत आलेला, शाळा बंद, पोरांची सुट्टी चालू. चांगलं जमलं, पण आज करायचं झालं तर मी डोक्यावर पक्कं छप्पर असल्याशिवाय ही तारीख घेणार नाही. 2025ला 25 मेलाच मान्सून देवगडपर्यंत येऊन ठेपला होता, आणि 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने काय केलं ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. दुसरा चांगला पर्याय म्हणजे 26 जानेवारी. शाळेत झेंडावंदन असतंच, शिक्षक असतात, सगळ्यांना सुट्टी, हवा मस्त, आंब्याला नुसता मोहोर. तुमच्याकडे त्याच दिवसांत देवीची जत्रा नाही ना एवढं बघा.

तारीख ठरली की तीन महिने आधी जाहीर करा. आमच्या वेळी रेल्वेचं रिझर्व्हेशन 120 दिवस आधी उघडायचं, 1 नोव्हेंबर 2024पासून ते 60 दिवस झालंय. म्हणजे प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता मोबाईल हातात घेऊन बसायचं, कोकणकन्या आणि तुतारीची तिकिटं चहा गार व्हायच्या आत जातात. निरोपाच्या ग्रुपवर आदल्या रात्री आठवण टाका, "उद्या सकाळी 8". जातानाचंच नाही, परतीचंही. स्टेशनवरून गावात यायला 15-20 जण असतील तर एसटी डेपोत जाऊन प्रासंगिक करारावर गाडी विचारा, सहा रिक्षा करण्यापेक्षा परवडतं आणि त्या प्रवासातच अर्धा मेळावा होतो.

पैसे

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मुंबईकरांनी माणशी 2,000 ठरवले, त्यांच्या दृष्टीने एका रविवारच्या हॉटेलचे पैसे. कोणी काही बोललं नाही. फक्त हळूहळू "मला जमणार नाही, लग्न आहे", "मला बरं नाही" सुरू झालं. आणि वर एकाने उत्साहात ग्रुपवर यादीच टाकली, कोणाचे आले, कोणाचे बाकी. त्याच रात्री दोघं जण ग्रुप सोडून गेले. त्यातल्या एकाला परत आणायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या, दुसरा आलाच नाही.

मग बदललं ते असं. जेवणखाण, मांडव, माईक धरून खर्चाचा हिशोब काढला, माणशी 500 ठेवले, आणि ज्यांना जास्त द्यायचेत त्यांनी खजिनदाराला गुपचूप द्यायचे. ज्यांना 500ही जड त्यांनी काहीच द्यायचे नाहीत आणि कोणाला सांगायचंही नाही. कोणी किती दिले हे फक्त दोघांना माहीत, ग्रुपवर जातो तो एकूण जमा आणि एकूण खर्च. खजिनदार गावातला ठेवा, मांडववाल्याला अ‍ॅडव्हान्स द्यायला तोच जाणार असतो. आणि हो, यूपीआयवर ज्यांचं नाही त्यांच्याकडून रोख घ्यायला कोणीतरी फिरा, नाहीतर "गुगल पे नाही" हेच न येण्याचं कारण होतं.

जागा आणि जेवण

जागा शाळाच. रिसॉर्ट नको, तिथे गेलं की गाववाला चप्पल कुठे काढू असं बघत बसतो. शाळेत सगळे सारखे. संस्थेला आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, मिळालेली परवानगी जपून ठेवा, आदल्या दिवशी जाऊन संडास-बाथरूम स्वच्छ करून घ्या, हे लिहायला विचित्र वाटतंय पण 40-50 माणसं दिवसभर असणार आणि मे महिन्यात विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं. टाकी भरून ठेवा. लाईट जाणार हे धरूनच चाला, माईकसाठी जनरेटर सांगून ठेवा.

जेवणाच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, "मुली आहेत ना, सकाळी घावणे करतील, मजा येईल." मी विचारलं कोणाला मजा येईल? वर्षभर घरी तेच करतो आम्ही, इथे पण चुलीपुढे बसलो तर मेळावा तुमचा झाला, आमची रांधाप झाली. गावातल्या महिला बचत गटाला ऑर्डर दिली, सकाळी घावणे-चटणी आणि चहा, दुपारी वडे-सागोती, न खाणाऱ्यांना वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबार, वर सोलकढी. चार दिवस आधी त्यांना पक्का आकडा द्या. रविवार जरी असला तरी संकष्टी, एकादशी आहे का ते कॅलेंडरवर बघून घ्या, आमच्याकडे उपास मोडून कोणी वडे खाणार नाही आणि उपाशी माणूस गप्पा मारत नाही. शाळेच्या आवारात दारू नाही म्हणजे नाही. ज्यांना रात्री "बसायचंय" त्यांनी ते वेगळं, आपल्या घरी करा, आणि त्यानंतर गाडी चालवू नका, घाटीतली वळणं माहीत आहेत ना. समुद्रावर पण जेवून लगेच पोहायला जाऊ नका, 45 वर्षांची पोटं घेऊन लाटांत शिरून शूरपणा दाखवणारे दोघं असतातच.

सर आणि बाई

व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण पाठवायचं नाही, घरी जायचं. नारळ न्या, पाया पडा, बसा, चहा घ्या. मग विचारा, जिने चढता येतात का, औषधाच्या वेळा काय, घरून कोण बरोबर येईल. न्यायला-सोडायला गाडी आणि एक माणूस पक्का ठरवा, "कोणीतरी जाईल" असं ठेवलंत की कोणीच जात नाही. शिपाईमामा राहून जातात नेहमी. आमच्या मामांनी 25 वर्षं घंटा वाजवली, घंटा म्हणजे रुळाचा तुकडा टांगलेला, तो अजून तिथेच आहे. त्यांनाच वाजवायला लावला. सत्कार शाल-श्रीफळ पाच मिनिटांत, भाषण सरांनी करायचं, आपण नाही.

प्रत्यक्ष दिवस

दारात टेबल, त्यावर नावाचे बिल्ले. मोठ्या अक्षरात शाळेतलं नाव, म्हणजे मुलींचं माहेरचं, खाली बारीक सध्याचं आडनाव आणि गाव. हे फार महत्त्वाचं आहे कारण "ओळखलंस का?" हा प्रश्न म्हणजे छळ आहे. केस गेलेत, वजन वाढलंय, चष्मा आलाय, समोरचा घाम पुसत अंदाज बांधतोय आणि आपण हसत उभे! तुम्ही भेटायला गेलात की आधी स्वतःचं नाव सांगा, "मी अमकी, तुझ्या मागच्या बाकावर, तुझा कंपास मी मोडलेला." पुढचं तो बघेल. सुरुवातीला "तुम्ही" येतं तोंडात, विशेषतः बापयांशी बोलताना, येऊ दे, दुसऱ्या तिसऱ्या वाक्याला आपोआप "तू" होतं. नवरा किंवा बायको बरोबर आली असेल तर त्यांच्याशी मात्र अहो-जाहोच.

ओळख परेडमध्ये "नाव, शिक्षण, हुद्दा" असं ठेवू नका. पहिले तीन इंजिनिअर, मॅनेजर, फॉरेन रिटर्न बोलले की चौथा जो वाळूच्या गाडीवर ड्रायव्हर आहे तो मागच्या दाराने चहा प्यायला जातो. आम्ही विचारलं तीनच गोष्टी: कुठल्या बाकावर बसायचास, कोणाचा मार खाल्लास, आणि आता कुठे असतोस. बघा कसे बोलतात. आमचा एक जण, शाळेत तोंडातून शब्द न काढणारा, गणिताच्या सरांच्या पट्टीचं वर्णन करायला लागला ते सर स्वतः समोर बसून डोळे पुसत हसत होते.

जुनी टोपणनावं जरा जपून. काही जणांना आवडतात, काही जण त्या एका नावामुळे इतकी वर्षं लांब राहिलेले असतात. कोणाचं कोणावर होतं हे पण उकरू नका, आता पोरं कॉलेजात आहेत त्यांची. मूल का नाही, लग्न का नाही केलंस, केस कुठे गेले, पगार किती, हे सगळं बंद. एकट्याच कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेल्या माणसाशेजारी जाऊन बसायचं काम दोघांवर सोपवा, आयोजकांना वेळ मिळत नाही.

हजेरी बाईंनी घेतली, जुन्या क्रमाने. हजेरी अकराच्या आधी घेऊ नका एवढं माझं ऐका. आमच्याकडे साडेदहाला सुरू करायची घाई चालली होती, मी थांबवून धरली, कारण बाजार आटपून, घरी आंघोळ करून, नवी साडी नेसून आमची मासेवाली पोचायची होती. अकराला दहा मिनिटं असताना रिक्षातून उतरली. तिचा नंबर 34. बाईंनी नाव घेतलं तेव्हा ती "हजर" म्हणाली ते एवढ्या मोठ्याने की बाहेर मांडवातले लोक बघायला आले. जे गेले त्यांची नावं पण बाईंनी त्याच क्रमाने घेतली, तिथे आम्ही सगळे उभे राहिलो, वेगळा श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला नाही. एकाची आई येऊन बसली होती, फोनवाली, मी जाऊन आणली होती त्यांना.

ग्रुप फोटो जेवणाच्या आधी काढा. जेवल्यावर अर्धे जण पान खायला जातात. फेसबुकवर टाकायच्या आधी एकदा माईकवर विचारा, दोनतीन जणींना नको असतो, त्यांना कारण विचारू नका.

झाल्यावर

आठ दिवसांत हिशोब टाका, बिलांच्या फोटोसकट. पैसे उरले तर शाळेला काय हवंय ते शाळेलाच विचारा, आपल्या मनाने घड्याळं आणि कपाटं देऊ नका, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये वेगवेगळ्या बॅचची सहा घड्याळं आहेत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. चेक शाळेच्या नावाने द्या, पावती घ्या. दर महिन्याला भेटू या असं कोणी जोशात म्हणालं तर मान डोलवा आणि सोडून द्या, वर्षातून एकदा गणपतीत तासभर कोणाच्या तरी खळ्यात बसलात तरी पुष्कळ.

वही मात्र टाकू नका. 58 पैकी त्या दिवशी 41 आले, सहा जण हयात नाहीत, सात जणांना यायला जमलं नाही पण फोनवर सापडले. चार नावांसमोर माझ्या वहीत अजून काहीच नाही. त्यातली एक 37 नंबर, सातवीनंतर आलेली, नववीच्या सहामाहीला गेली, वडील रस्त्याच्या कामावर होते एवढंच सगळ्यांना आठवतं. मासेवालीला पण माहीत नाही, पण ती म्हणाली, बघते, बाजारात कोणतरी गावतला.